रक्षा होती म्हणून

कुंभकोणमच्या त्या घरात धाकट्या जावेचं, रक्षाचं, कौतुक दिवसभर चाले आणि थोरली गायत्री ते ऐकून आतल्या आत जळत असे. एका सकाळी नाचियार्कोविलची पितळी समई घासायला ती मागल्या अंगणात निघाली आणि विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरली. पाय असा मुरगळला की उठता येईना. समोरच्या वाळूत एक मुंगी कंबरेपर्यंत गाडली गेली होती आणि दुसऱ्या दोघी वाळू उपसत, तिचा पाय ओढत तिला बाहेर काढत होत्या. गायत्रीला त्या मुंगीचाही हेवा वाटला. शेवटी नाइलाजाने तिने हाक मारली, "रक्षा!"

तव्यावरचा दोसा तसाच टाकून रक्षा धावत आली. आरडाओरडा करून तिने सगळं घर गोळा केलं आणि गायत्रीला उचलून ओसरीवर आणलं.

"रक्षा होती म्हणून बरं!" सासूबाई म्हणाल्या.

"अशी जाऊ मिळायला नशीब लागतं," शेजारच्या मामींनी भर घातली.

गायत्रीच्या अंगाचा तिळपापड झाला. पडलो आपण, आणि कौतुक हिचं!

सगळे पांगल्यावर रक्षा तिच्या पायाला गरम हळद लावत बसली.

"झालं, आता महिनाभर तुझाच उदोउदो," गायत्री तुटकपणे म्हणाली.

रक्षा हळद लावता लावताच म्हणाली,


"अक्का, मला तुमचाच हेवा वाटला. गेल्या महिन्यात मीही तिथेच पडले होते. पण या घरात हाक कुणाला मारावी, तेच सुचलं नाही."