कँटीनचं कार्ड

शिरूरच्या मंगल कार्यालयात सिनेमाची ऑडिशन होती. बाकीच्या मुली कारमधून उतरल्या, मी एसटीनं गेले. भूमिका गरीब पोरीची. बागायतदाराच्या मुलाला प्रेमात पाडून ती बंगल्यात शिरते आणि शेवटी त्यालाच विष देते. दुपारी रांजणगावच्या कंपनीतली कँटीनची शिफ्ट संपवून आई माझा डबा घेऊन आली. "या कोण?" कास्टिंगवाल्या सरांनी विचारलं. "आमच्याकडं स्वयंपाकाला असतात," मी बोलून गेले. मग मी प्रसंग केला. त्यात नायिकेला सासरी आई वारल्याचं खोटं सांगायचं होतं. सर उठलेच. "रोल तुझा! आणि मावशी, हिच्या आईचं काम तुम्ही करा. चेहराही जुळतोय." आईनं गळ्यातलं कंपनीच्या कँटीनचं कार्ड पदराखाली सरकवलं, त्यावर आमचं आडनाव होतं. "न्हाई जमायचं, सायेब," ती म्हणाली. तिनं डबा माझ्या हातात ठेवला. "ताई, जेवून घ्या."