दोन टाइमआउट शिल्लक

अलाबामात दर सोमवारी दुपारी रेडिओवर लोक फोन करून शनिवारच्या कॉलेज फुटबॉलची चिरफाड करतात. ते फोन आधी माझ्याकडे येतात.

गेले तीन हंगाम वेंडेलचा फोन ठरलेला, संघाचा डाव चालवणाऱ्या क्वार्टरबॅकवर तोफ डागायला. "हा कसला क्वार्टरबॅक? सात सेकंद उरलेत, दोन टाइमआउट शिल्लक आहेत, आणि हा ठोंब्या घड्याळ थांबवायचं सोडून बघत उभा! आईने घड्याळ बघायला शिकवलं नाही का याला?" सगळं गाव खो खो हसायचं.

यंदा तो पोरगा कॉलेजातून बाहेर पडला आणि त्याच्या जागी वेंडेलचाच नातू क्वार्टरबॅक झाला. परवाच्या शनिवारी या नातवानेही तस्संच घड्याळ पळू दिलं आणि सामना घालवला. आज सगळ्यांत आधी वेंडेलचाच फोन आला. "मॅडम, लवकर जोडा हो! लोक पोराला फाडून खातायत. दोनच मिनिटं बोलू द्या."

"पुढचा नंबर तुमचाच, साहेब," म्हणत मी त्याला होल्डवर टाकलं. होल्डवर कार्यक्रम ऐकू येतो. दोन तास नातवाला पडलेली एकेक शिवी त्याने ऐकली.

शेवटची धून वाजली, तेव्हा मी त्याचा फोन घेतला.


"वेळ संपली, साहेब. तुमच्या त्या जुन्या ठोंब्याची आई बोलतेय. मला घड्याळ छान बघता येतं."