बाणांसाठी जागा

"तू फक्त बाहेर बसायचं, मावशी. दुपारपर्यंत सोडतात," भाची म्हणाली आणि तिने मोबाइल मावशीच्या टेबलावर ठेवला.

चित्रं काढायचं टेबल ते, उतरतं. मोबाइल घसरायला लागला. मावशीने तो पकडला. वैद्यकीय पुस्तकांसाठी माणसाचे अवयव काढण्यात तिचा जन्म गेला होता, त्यामुळे घरात कुणाला काही झालं की आधी तिच्याकडे धाव घ्यायची पद्धत पडली होती. पण भाचीचा विषय ऐकून तिनेही चष्मा काढून पुसला.

वॅक्सिंग करणारी बाई भाचीला म्हणाली होती, तुमचं जरा वेगळंच आहे हो. एवढंच. ते वाक्य भाचीच्या डोक्यात घर करून बसलं. मग क्लिनिक, तिथली गोड बोलणारी डॉक्टर आणि तिने समजावलेले पर्याय: योनीचे आतले ओठ कापून लहान करता येतात, बाहेरच्यांत चरबी भरता येते, सैल वाटेल ते आवळता येतं, रंगही उजळता येतो. भाचीने पहिला पर्याय निवडला होता. परवा सकाळची वेळ मिळाली होती.

"त्रास होतो का काही? सायकलवर, कपडा घासून?"

"नाही."

"तुझा तो काही बोलला?"

"त्याला चष्म्याशिवाय मीसुद्धा दिसत नाही गं." भाचीने हे म्हटलं खरं, पण हसली नाही. तिने मोबाइलवर क्लिनिकची जाहिरात उघडली, त्यातलं चित्र मोठं केलं. "मला असं हवंय. नॉर्मल."

साधं रेघांचं चित्र. दोन्ही बाजू सारख्या, आत जवळजवळ काहीच नाही. मावशी बघत राहिली. खालचं वळण पुरतं न जोडता सोडून दिलेलं होतं. ही सवय तिचीच.

"हे मी काढलंय," ती म्हणाली.

शिकाऊ नर्सना लघवीची नळी कशी घालायची ते दाखवण्यासाठी काढलेलं होतं ते. छिद्र नेमकं दिसायला हवं होतं, नावं लिहायला बाण काढायचे होते, आणि आतले ओठ आड येत होते. म्हणून ते गाळले. क्लिनिकवाल्यांनी बाण पुसून चित्र तेवढं उचललं होतं.

"मग ही आहे कोण?"

"कुणीच नाही. बाणांसाठी जागा केली होती."

भाचीने मोबाइल टेबलावर ठेवला. मावशीने खालच्या कप्प्यातून जुने कागद काढून टेबलावर पसरले. दवाखान्यात, त्या त्या बाईला विचारून, समोर बसून काढलेली चित्रं. एक बाजू लांब, एक आखूड. कुठे गडद, कुठे चुण्या पडलेल्या. एकीचं दुसरीसारखं नाही.

भाची एकेक कागद सरकवत गेली. एका चित्रावर तिचं बोट थांबलं. अगदी तिच्यासारखंच होतं ते. कान लाल झाले.

"ही कोण होती?"

"नाव विचारायचं नसतं." मावशीने आठवून बघितलं. "पण भारी बडबडी. शेजारणीच्या कुत्र्याचे किस्से सांगत होती. हसता हसता माझा हात हलला, ती बघ रेघ."

भाचीने कागद दिव्याखाली धरला. रेघ खरंच हलली होती. ती स्टूल ओढून बसली.

"काय केलं होतं कुत्र्याने?"

मोबाइल पुन्हा घसरायला लागला होता.