लिफाफ्यातली बट

"सोनलताई, घाबरू नका," फोनवरची भाग्यश्री मॅडम म्हणाली, आणि घरातली चारही माणसं घाबरली.

फोन स्पीकरवर होता. भाग्यश्री मॅडम खाडीवर संशोधन करायची. आधी पाणी, मग मासळी, आणि आता मासळी खाणारी माणसं. दीडेक महिन्यापूर्वी तिनं नेरूळच्या गावठाणातल्या पोटुशी बायांकडून केसांची एकेक बट मागून नेली होती. पोटात काय गेलंय ते केस सांगतात म्हणे. सोनलला आता सातवा चालू होता.

"तुमच्या केसांत पारा जास्त निघालाय."

"पारा म्हंजे तापाच्या कांडीतला?" सासू विमलबाईंनी विचारलं.

"तसलाच, आजी. पण मासळीतून येतो तो दिसत नाही, त्याला चव नाही, वास नाही."

"आणि बाळाला?" सोनल म्हणाली.

"बाळाच्या मेंदूला त्रास होऊ शकतो. होतोच असं नाही. उद्या सकाळी या, आपण रक्त तपासू. तोवर खाडीची मासळी बंद."

फोन बंद झाला.

"पण मी खाडीचं तोंडातसुद्धा घेत नाही," सोनल म्हणाली.

खरंच घेत नव्हती. ती सोलापूरकडची. घरात निवट्या शिजायला लागल्या की ही खिडकी उघडायची. चिखलात उड्या मारणारा मासा माणूस खातो, हेच तिला पटलं नव्हतं. विमलबाईंनी त्यावरून तिला कमी टोचलं नव्हतं. खाडीकाठी सून आणली आणि रोज तिला वरणभात वाढतेय, जसं घरात कायमचं आजारी माणूस.

"चोरून खाल्लंस का गं?" भावेशनं बायकोला विचारलं.

"चोरून? तुमच्या आईनं पुढ्यात ठेवलं तेव्हा खाल्लं नाही, आणि चोरून खाईन?" तिनं दोन्ही हात पोटावर दाबले. "सकाळपासून हललं पण नाही हो."

तासाभरापूर्वी तीच सांगत होती, पोर लाथा मारतंय म्हणून. भीती आली की माणूस अंगावरचंही विसरतो.

सोनलची नणंद, पूर्वी नाव तिचं, दाराशी जेवायला बसली होती. रविवारची सीवूड्सहून माहेरी आलेली. तिच्या ताटात निवट्यांचं कालवण होतं. तिनं ताट हळूच बाजूला सरकवलं.

विमलबाईंनी पदरानं मान पुसली. गावातली भांडणं त्यांच्या ओट्यावर यायची. कोणाचं चुकलं ते त्या सांगायच्या. माझं चुकलं, हे त्यांच्या तोंडून उभ्या गावानं ऐकलं नव्हतं. गप्प बसल्या असत्या तरी चाललं असतं. उद्या सुनेचं रक्त चांगलं निघालं असतं, मॅडम म्हणाली असती मशीन चुकली. कोणाला काय कळणार होतं?

पण सोनलचे ओठ पांढरे पडले होते.

"आई, तुम्ही इतकी बाळंतपणं केलीत. खरं सांगा, धड होईल ना माझं बाळ?"

विमलबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या.

"रडू नको. ते केस तुझे नव्हतेच."

कोणालाच समजलं नाही. मग त्यांनी सांगितलं. सोनलनं आपली बट कापून लिफाफ्यात घातली होती आणि समाजमंदिरात मॅडमला द्यायला सासूच्या हाती दिली होती. पण पोटुशीचे केस आणि नखं परक्याच्या हाती द्यायची नसतात. कोण त्याचं काय करील? विमलबाईंच्या सासूनं त्यांचे दिले नव्हते, सासूच्या सासूनं तिचे. विमलबाईंनी लिफाफा उघडला, आणि सोनलची बट खाडीत सोडून आल्या.

"नाय बोलले असते तर तुमी दोघं मला अडाणी बोलले असते. म्हून दुसरी बट भरली."

"तुझी?" भावेश म्हणाला.

"माजे केस पांढरे, मुडद्या! मॅडम काय आंधळी हाय?" विमलबाईंनी दाराशी बसलेल्या पूर्वीकडे हात केला. "ही आलेली त्या दिशी. तेल घालता घालता मागून एक बट कापली. हिला पत्ता पन नाय. आन् ही काय पोटुशी नव्हती."

सोनलनं श्वास सोडला. मग ती हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. भावेशनं कपाळावर हात मारला. "आये, तू तर सायन्सला पन गंडवलंस!"

विमलबाईंना हलकं वाटलं. चूक कबूल केली तरी घर पडत नाही, हे त्यांना या वयात कळलं. त्या लेकीकडे वळल्या.

"आन् तू गं? दर दोन दिसांनी डब्यातून निवट्या धाडते मी तुला. खाडीभर खाल्ल्यास. आता बंद कर जरा, उतरंल तो पारा. तुला काय धाड भरलीय?"

पण पूर्वीला हसू आलं नव्हतं. ती उठून उभी राहिली होती. एका हातानं तिनं दाराची चौकट धरली होती, दुसरा हात पोटावर होता.

"आये," ती म्हणाली, "तिसरा महिना भरल्याबिगर कुनाला सांगायचं नाय, दृष्ट लागते, हे तूच शिकवलंस ना मला?"