जुनं व्हर्जन बंद

वेबसाइट चालवणारं कंपनीचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर जगभरच्या वेबसाइट थेट कंपनीच्या सर्व्हरवरून फुकट वापरायच्या, आणि फुकट वापरणाऱ्यांची कंपनीच्या प्रमुखांना मनापासून शिसारी यायची. नवं व्हर्जन आलं त्याच सकाळी ते जुनं पुसायला बसले.

"सर, निदान वर्षभर राहू द्या," जुनं व्हर्जन सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या. "बदलायला लोकांना वेळ लागतो."

"कसले लोक? बोट दिलं की मनगट धरतात फुकटे!"

त्यांनी जुनं व्हर्जन सर्व्हरवरून कायमचं पुसून टाकलं.

दुपारपर्यंत तक्रारींचा ढीग लागला. प्रत्येकाला त्यांनी चवीचवीने एकच उत्तर धाडलं : 'मढी उकरत बसू नका. आमच्या वेबसाइटवरून नवं व्हर्जन घ्या.'

तेवढ्यात आणखी एक मेल आला : 'जुनं व्हर्जन सापडत नाही. काम थांबलं आहे.' ना नमस्कार, ना विनंती. प्रमुखांचं टाळकंच सरकलं. "मुजोरी बघा!" म्हणत त्यांनी उत्तरात एक ओळ वाढवली : 'अडाण्यांनी कॉम्प्युटरला हात लावू नये.'

बाईंनी वाकून पाठवणाऱ्याचा पत्ता पाहिला.

"सर, ही आपल्याच वेबसाइटची तक्रार आहे. बंद पडली की ती आपोआप मेल करते. अजून जुन्यावरच चालत होती ती. बदलायला तुम्हाला वेळ झाला नाही."

प्रमुखांनी घाईघाईने वेबसाइट उघडली. कोरं पान.

"आता नवं व्हर्जन कुठून घ्यायचं," पर्स उचलत बाई म्हणाल्या, "तेवढं कळवा सगळ्या अडाण्यांना."