न चुकलेला नेम

तो पलंगावरून उठून उभा राहिला आणि खोली गरकन फिरली. कपाटाचं दार धरून, डोळे मिटून त्याने दहा आकडे मोजले. आज नववा दिवस.

"पहिले दोन-तीन आठवडे गोळी आधी छळते, मग सुख देते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "चक्कर येईल, मळमळेल. पण तुमचा आजारच काळजीचा. त्यामुळे प्रत्येक भीतीमागे धावत सुटू नका. पाणी प्या, दहा मोजा, जागेवर बसा."

त्याचं काम लिफ्ट दुरुस्तीचं. अठरा वर्षं झाली. चार महिन्यांपूर्वी सातव्या मजल्यावरून लिफ्टच्या उभ्या पोकळीत उतरला आणि हात दोरखंडाला चिकटूनच बसले. दोघांनी ओढून वर काढलं. तेव्हापासून तो कारखान्यात टेबलापाशी बसून बटणं तपासत होता. महिनाभरात पुन्हा खाली उतरता आलं तर ठीक, नाहीतर दुसरीकडे बघा, असं साहेबांनी गोड शब्दांत सांगितलं होतं.

"लिफ्टवाला आणि जिन्याने चढतो!" बरोबरीचा कारागीर, ज्याला उंचीमुळे सगळे उंटराव म्हणत, रोज चिडवायचा. "मिठाईवाल्याला मधुमेह म्हणतात तो हाच."

गोळ्या सुरू होण्याच्या आधी लेक दोन दिवस येऊन गेली होती. त्याच्या नव्या गोळ्या आणि वडिलांच्या रक्तदाबाच्या, सगळं तीच घेऊन आली. पाकिटांतले बारीक अक्षरांचे कागद तिने फाडून टाकले. "हे वाचलंत तर त्यातला एकेक त्रास तुम्हाला संध्याकाळपर्यंत होईल," म्हणाली. तो कामावरून परतला तेव्हा तिची गाडी सुटलीही होती. टेबलावर अठ्ठावीस कप्प्यांचे दोन सारखे डबे भरून ठेवलेले. एकावर तिने ठसठशीत 'बाबा' लिहिलं होतं, दुसरा कोरा. बाबांचा डबा त्याने वडिलांच्या उशाशी ठेवला, कोरा आपल्या.

तेव्हापासून नेमच झाला. सकाळी तोंड धुतलं की आधी वडिलांच्या तळहातावर गोळी, पाण्याचा पेला, मग स्वतःची. देवापुढे दिवा लावावा तशा निष्ठेने.

"बाबा, गोळ्या चालू आहेत ना?" लेकीने फोनवर विचारलं.

"एकही चुकलेली नाही."

"आणि आजोबांच्या?"

"त्यांच्या हातावर मीच ठेवतो."

"त्यांच्या गोळीची कंपनी बदललीय हं. दिसायला वेगळी आहे, औषध तेच. उगाच घाबरू नका."

"घाबरणं बंद केलंय मी," तो म्हणाला, आणि दोघंही हसली.

वडिलांना गोळीचं रूप दिसलंच नसतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पहिले आठ-दहा दिवस त्यांचं जेवणावरून मन उडालं होतं, हात थरथरत होते. वय झालं, दुसरं काय. पण नंतर म्हातारा बदलला. दाराची कडी तीन-तीनदा चाचपून बघणारा माणूस दुपारी ढाराढूर झोपू लागला. शेजाऱ्यांच्या रेडिओवर खेकसणं बंद झालं.

"गोळी तू घेतोस आणि झोप मला लागते!" एकदा ते खुदकन हसून म्हणाले. आई गेल्यापासून त्यांना असं हसताना त्याने पाहिलं नव्हतं.

त्याच्या जिवाला मात्र स्वस्थता नव्हती. उठलं की चक्कर, संध्याकाळी घोटे सुजलेले, बूट पायातून निघता निघत नसे. काळजी जिथल्या तिथेच होती. फक्त तिचं न ऐकायला तो शिकत होता.

विसाव्या दिवशी वडील मान धरून बसलेले दिसले. "मागून डोकं जड झालंय रे."

त्याने डॉक्टरीणबाईंचा नंबर काढला. फोन उचलला, खाली ठेवला. पाणी प्यायला. दहा मोजले. डोकं कुणाचं दुखत नाही?

बाविसाव्या दिवशी त्यांच्या नाकातून रक्त आलं, थोडंसंच. त्याने ओल्या फडक्याने पुसलं. पण तो दवाखान्यात धावला नाही. त्या दिवशी प्रथमच त्याला स्वतःचा अभिमान वाटला.

चोविसाव्या दिवशी सकाळी साहेबांनी त्याला पोकळीत उतरायला बोलावलं. निघताना त्याने नेमाने गोळी वडिलांच्या हातावर ठेवली.

"डोळ्यांपुढे काजवे चमकतायत," ते म्हणाले. "आज नाही गेलास तर?"

उंबऱ्यात तो थबकला. हीच ती, त्याने स्वतःला बजावलं, हीच भीती मला घरात बसवते. एक, दोन, तीन...

"दुपारी येतो, बाबा. पडून राहा."

तो सातव्या मजल्यावरून खाली उतरला. डोकं गरगरत होतं, तरी दोरखंड तपासला, तेल दिलं, वर आला. उंटरावाने त्याला मिठीच मारली. "सुटलास गड्या!"

घरी आला तेव्हा वडील जमिनीवर होते. तोंड एका बाजूला ओघळलेलं, एक डोळा उघडा.

रुग्णालयात तरुण डॉक्टरने विचारलं, "दाब भयंकर वाढलाय. महिनाभर गोळी बंद होती का?"

"छे हो! एक दिवस खंड नाही. मी स्वतः द्यायचो."

"कोणती, ते बघायला हवं."

संध्याकाळी लेक मिळेल त्या गाडीने आली. आधी घरी जाऊन, त्याने फोनवर सांगितल्याप्रमाणे आजोबांच्या उशाशी असलेला डबा घेऊन ती रुग्णालयात पळतच वर आली. पण तो बसला होता त्या कोचाजवळ येताच तिची पावलं मंदावली. ती झाकणाकडे बघत होती. झाकणावर तिच्याच हातची दोन ठसठशीत अक्षरं.

"बाबा," ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "तुमचा डबा आजोबांच्या उशाशी कसा?"