दगडी दलालांचे हात

शेअर बाजार कधीच बंद पडला, इमारत राहिली. तिच्या दर्शनी भिंतीवर दगडी दलाल हात उंचावून उभे आहेत. नखांपर्यंत कोरलेले ते हात! परांचीवर चढून मी ते साफ करत होते. खाली माझे काका उभे होते, उभी हयात इथे दलाली केलेले.

"तळवे आत वळलेत बघ. म्हणजे सगळे घ्यायलाच आलेत," काका म्हणाले आणि जुन्या सवयीने तळवा बाहेर करून त्यांनी हात वर केला. म्हणजे विकलं.

"काय विकलंत, काका?" मी हसून विचारलं.

माझ्या ब्रशखालचा दगडी हात कोमट झाला. सौदा पटल्यावर यावा तसा सावकाश खाली आला.

मी काकांकडे पाहिलं. त्यांचा हात वरच होता, आणि त्यावर छिन्नीचे बारीक घाव उन्हात चमकत होते.